छोट्या काळी-पिवळीचा अंतर्भाग घडवताना

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर प्रीमियर पद्मिनी टॅक्सी म्हणून धावत नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, आणि शहरातील टॅक्सींना लागू असलेली वीस वर्षांची वयोमर्यादा २९ ऑक्टोबर २०२३ रोजी संपली. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ साली फियाट ११०० डिलाइट या नावाने जन्मलेली आणि पुढे पद्मिनी झालेली ही गाडी लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली. तिचे बाहेरून काढलेले फोटो हजारोंनी सापडतात. मात्र मागच्या सीटवर बसल्यावर डोक्यावर दिसणारे फुलाफुलांचे छत, आरशाला लटकणारा हार, टॅक्सीवाल्याच्या पाठीमागे दबलेली सीट, हे सारे फारच थोड्यांनी टिपून ठेवले आहे. म्हणून गाडीच्या प्रतिकृतीत खराखुरा वाटणारा अंतर्भाग कसा करावा, हे सांगण्यासाठी मी उदाहरण म्हणून हीच गाडी घेतो आहे. येथे सांगितलेल्या बहुतेक पद्धती कोणत्याही गाडीला लागू पडतील, पण एखादी ठरावीक गाडी डोळ्यांसमोर असल्याशिवाय हे काम नीट समजत नाही.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. अंतर्भाग खरा वाटतो तो त्यात किती बारीक वस्तू कोंबल्या यावरून नव्हे, तर त्या जागेत माणूस बसला होता हे दिसते की नाही यावरून. कारखान्यातून निघालेल्या सगळ्या पद्मिनींचा सांगाडा सारखाच होता. एकीला दुसरीपासून वेगळे केले ते दिवसाचे बारा-बारा तास तिच्यात बसणाऱ्या माणसाने. प्रतिकृतीतही हात, पाठ आणि पाय जिथे लागतात तिथली झीज बरोबर जागी आली, तर जेमतेम जमलेला डॅशबोर्डसुद्धा पाहणाऱ्याच्या नजरेत भरतो. ती चुकली, तर विकत घेतलेले महागडे धातूचे सुटे भागही निर्जीव दिसतात.

मोजमाप आणि पाहणी

सुरुवात फूटपट्टीने करावी. पद्मिनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधील अंतर २३४० मिलिमीटर होते. आपल्या हातातील प्रतिकृतीत हेच अंतर मोजून त्याने २३४० ला भागले की प्रमाण कळते. ९७.५ मिलिमीटर भरले तर प्रमाण १:२४ आहे, आणि ६५ भरले तर १:३६. खेळण्याच्या दुकानात मिळणाऱ्या गाड्यांच्या खोक्यावर प्रमाण लिहिलेले नसते आणि लिहिले असले तरी त्यावर विसंबू नये, त्यामुळे हा भागाकार प्रत्येक वेळी करावा. पुढची सगळी मापे मी १:२४ धरून देतो. या प्रमाणात प्रतिकृतीतील एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीतील २४ मिलिमीटर, हे कायम ध्यानात ठेवावे. ४० सेंटीमीटर व्यासाचे स्टिअरिंग साधारण १७ मिलिमीटरचे होते, सव्वा मीटरच्या आतली सलग सीट ५० मिलिमीटरच्या आसपास येते, डॅशबोर्डावरची १० सेंटीमीटरची मूर्ती जेमतेम ४ मिलिमीटर उरते आणि सीटबेल्टचा ४८ मिलिमीटर रुंदीचा पट्टा बरोबर २ मिलिमीटर होतो. डोळ्याच्या अंदाजाने केलेल्या वस्तू जवळजवळ नेहमीच मोठ्या होतात. मी पहिल्यांदा केलेला गणपती मोजून पाहिला तेव्हा खऱ्या गाडीत तो वीतभर उंच ठरला असता.

मापांइतकेच महत्त्व काळाला आहे. पूर्वी टॅक्सीचे यांत्रिक मीटर गाडीच्या बाहेर डाव्या अंगाला असे, त्यामुळे आत त्यासाठी काहीच नसे. नंतर लाल आकड्यांचे इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि ते डॅशबोर्डावर बसले. एकाच प्रतिकृतीत बाहेर जुने मीटर आणि आत मोबाइल अडकवण्याची चिमटी असली, तर फियाटमध्ये बसलेल्या माणसाला ते लगेच खटकते. म्हणून एक साल ठरवावे, शक्य असल्यास एकच ठरावीक टॅक्सी डोळ्यांसमोर ठेवावी, आणि तिचे मिळतील तेवढे फोटो जमवावेत. घरच्या जुन्या अल्बममध्ये, लग्नाच्या वरातीच्या किंवा विमानतळावर निरोप द्यायला गेल्याच्या फोटोंत, टॅक्सीचे उघडे दार आणि त्यातून दिसणारी सीट अनेकदा सापडते. जाहिरातीतील चकचकीत फोटोंपेक्षा हे फोटो कितीतरी जास्त उपयोगी पडतात.

त्यानंतर, काहीही कापण्यापूर्वी, रिकामी प्रतिकृती ज्या फळीवर ठेवायची तिथेच ठेवून तिच्या काचांतून आत पाहावे. पद्मिनीच्या काचा मोठ्या आणि खांब बारीक असल्यामुळे आतले बरेच काही दिसते, पण सगळे सारखे दिसत नाही. डोळ्याच्या उंचीवर ठेवलेल्या गाडीत सीटच्या पाठीचा वरचा अर्धा भाग, डॅशबोर्डाची वरची बाजू, दारांचा वरचा पट्टा आणि छत स्पष्ट दिसते, तर पायाखालची जमीन जवळपास दिसत नाही. कमी उंचीच्या टेबलावर ठेवली तर छत नाहीसे होते आणि सीटचा बैठा भाग पुढे येतो. आपला वेळ याच हिशोबाने वाटावा. पद्मिनीच्या बाबतीत माझा क्रम ठरलेला आहे: आधी छत, मग पुढची सीट, मग डॅशबोर्ड, आणि उरलेल्या वेळात दारे व जमीन.

गाडी मोकळी करणे आणि सांगाडा

खेळण्यातील गाडी घेतली असेल तर तळाचे स्क्रू काढून वरचे कवच वेगळे करावे. मागच्या चाकांवर चावीचे किंवा मागे ओढून सोडण्याचे यंत्र असते आणि त्याने मागच्या सीटची जागा खाल्लेली असते. ते काढून टाकून चाकांसाठी साधी तार आरपार घालावी. अशा खेळण्यांचे प्लॅस्टिक बहुधा मॉडेलच्या संचात (सुटे भाग जोडून गाडी करायच्या खोक्यात) असणारे पॉलिस्टायरीन नसते, त्यामुळे प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा गोंद त्यावर नीट धरत नाही. तिथे झटपट गोंद (फेव्हिक्विकसारखा) किंवा दोन भागांचा इपॉक्सी वापरावा. झटपट गोंद वापरताना जी एक काळजी घ्यावी लागते ती शेवटी जोडणीच्या वेळी सांगतो.

नवा सांगाडा अर्धा आणि एक मिलिमीटर जाडीच्या पॉलिस्टायरीनच्या पत्र्यातून, म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पानातून, करता येतो. तो थेट न कापता आधी पुठ्ठ्याचे साचे करावेत. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा यासाठी फार चांगला, कारण तो ताठ असतो, पातेही सहज फिरते आणि चुकला तर हळहळ वाटत नाही. जमीन, दोन बाजूंच्या भिंती, मागची आडवी फळी आणि डॅशबोर्डामागची भिंत असे पाच साचे कवचात बसवून, घासून, पुन्हा बसवून पाहावेत. सगळे साचे कवचात सैलसर बसले पाहिजेत, कारण पुढे त्यांच्यावर रंग, कागद आणि रेक्झिनचे थर चढणार आहेत आणि प्रत्येक थर जागा खातो. साचा पत्र्यावर उतरवताना पाते एकाच दमात आरपार नेण्याचा प्रयत्न करू नये. दोन-तीन हलके ओरखडे काढावेत आणि पत्रा त्या रेषेवर वाकवून मोडावा, म्हणजे कड सरळ येते. घासताना वॉटर पेपर ओला करूनच घासावे, म्हणजे प्लॅस्टिकची भुकटी श्वासात जाणार नाही.

सीट

टॅक्सीत पुढची सीट सलग बाकासारखी असे, आणि अंतर्भागाचा सारा जिवंतपणा तिच्यातच साठवलेला असतो. बैठक आणि पाठ यांसाठी पत्र्याचे तीन-चार तुकडे एकमेकांवर चिकटवून ठोकळा करावा आणि कडा गोल करून घ्याव्यात. खरी सीट आतल्या काथ्यामुळे आणि स्प्रिंगांमुळे मधे किंचित फुगलेली आणि कडांना उतरलेली असते, म्हणून ठोकळा कुठेही सपाट ठेवू नये.

आता चालकाच्या बाजूचा भाग, म्हणजे उजवीकडचा, गोल केलेल्या पेन्सिलीवर वॉटर पेपर गुंडाळून हलके खोलगट करावा. खोलगटपणा अर्धा ते पाऊण मिलिमीटर असावा. खऱ्या सीटमध्ये तो बारा ते अठरा मिलिमीटरचा खळगा होतो, आणि वर्षानुवर्षे रोज तिथेच बसलेल्या माणसाच्या वजनाने एवढा खळगा नक्कीच पडतो. पाठीवरही खांद्याच्या खाली असाच हलका खळगा करावा. डावीकडचा भाग मात्र फुगलेलाच राहू द्यावा. रंग लावण्याआधी सीट खिडकीच्या उजेडात तिरकी धरून पाहिली की दोन्ही बाजूंतला फरक सावलीत दिसतो. तो नुसत्या डोळ्यांना जाणवण्याइतकाच असावा. बोटाला खड्डा लागला तर जास्त घासले असे समजावे.

रेक्झिनच्या शिवणीसाठी पात्याच्या पाठीने दोन-दोन मिलिमीटर अंतरावर रेघा ओढाव्यात, म्हणजे खऱ्या सीटवरच्या जवळपास पाच सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्या होतात. खळग्यातून जाताना रेघ किंचित वाकू द्यावी, कारण दबलेल्या सीटवर शिवण सरळ राहत नाही. कडेची गोल गोट करण्यासाठी संचातील सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीत येतात ती चौकट मेणबत्तीवर धरून मऊ करावी आणि दोन्ही टोके ओढावीत. त्यातून केसासारखी बारीक तार निघते. ती सीटच्या कडेला पातळ गोंदाने चिकटवली की गोट तयार होते. ज्योतीपासून तीन-चार बोटे वर धरावे, प्लॅस्टिक पेटू देऊ नये आणि खिडकी उघडी ठेवावी.

बऱ्याच टॅक्सींत सीटवर नक्षीदार कापडी खोळ असे. खरे कापड १:२४ प्रमाणात कधीच बरोबर दिसत नाही, कारण त्याची वीण चोवीस पटीने जाड भासते. त्याऐवजी कापडाच्या नक्षीचा फोटो संगणकावर लहान करून लेझर प्रिंटरने पातळ कागदावर छापून घ्यावा. सहा सेंटीमीटरचे फूल अडीच मिलिमीटरचे झाले पाहिजे. छापील कागदाची मागची बाजू पाण्याने ओली करून त्याच बाजूचा थर बोटाने चोळून काढला की कागद आणखी पातळ होतो. पाणी घातलेल्या फेव्हिकॉलने तो सीटवर बसवताना आधी शिवणीच्या रेघांत दाबावा आणि मग बाजूला ओढावा. कोपऱ्यांत थोड्या सुरकुत्या पडल्या तर त्या तशाच ठेवाव्यात, खऱ्या खोळीलाही त्या असतातच. साध्या, बिननक्षीच्या कापडाचा पोत हवा असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी वैद्यकीय चिकटपट्टी सीटवर लावून वरून रंगवावी. या एका चिकटपट्टीने माझ्या कितीतरी गाड्यांच्या सीट सुधारल्या आहेत.

छत

मॉडेलच्या संचांत छताची आतली बाजू जवळजवळ नेहमीच कोरी सोडलेली असते आणि बहुतेक जण ती काळी रंगवून मोकळे होतात. मुंबईच्या टॅक्सीत मात्र सर्वांत जास्त हौस छतावरच केलेली असे. फुलाफुलांचे रेक्झिन, चौकटींची नक्षी, कडेने चमकती पट्टी, मधे दिवा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘टॅक्सी फॅब्रिक’ या उपक्रमात तरुण चित्रकारांनी टॅक्सींच्या सीट आणि छतांसाठी खास नक्षीची कापडे तयार केली, ती याच जुन्या हौशीला धरून होती. अशी एखादी टॅक्सी करायची असेल तर छत हेच तिचे मुख्य चित्र होते.

छताला कापड ताणून बसवतात तेव्हा ते मधून किंचित खाली झुकते. हा झोक येण्यासाठी नक्षीचा कागद थेट कवचाला चिकटवू नये. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचा छताएवढा तुकडा कापून, गरम पाण्यात बुडवून वाकवावा, त्यावर कागद चिकटवावा आणि मग हा तुकडा आत बसवावा. पुढच्या काचेच्या वरची आणि कडेची पट्टी धातूच्या पातळ वर्खाने करावी. मॉडेलसाठी मिळणारा चिकट वर्ख सर्वांत सोपा. तो नसेल तर चॉकलेटवरचा चांदीचा कागद कोमट पाण्यात भिजवून, आतला कागद सोलून, पातळ गोंदाने लावता येतो. स्वयंपाकघरातला जाड फॉइल वळणावर सुरकुततो, म्हणून तो टाळावा.

डॅशबोर्ड आणि आरसा

डॅशबोर्डाचा मूळ आकार करायला फार वेळ लागत नाही. पत्र्याचा ठोकळा, चालकासमोर मीटरांची जागा, डाव्या हाताला कप्पा, झाले. मीटरांची तबकडी हाताने रंगवण्याऐवजी फोटोवरून लहान करून छापणे चांगले, पण छपाईची मर्यादा लक्षात घ्यावी. इंचाला ३०० ठिपक्यांच्या छपाईत एका मिलिमीटरमध्ये जेमतेम बारा ठिपके मावतात, म्हणजे चार मिलिमीटरच्या तबकडीवर आकडे वाचता येणार नाहीत. ते वाचता यावेत असा आग्रहही धरू नये. पांढऱ्या खुणांची लय आणि काट्याचा एक कोन दिसला तरी पुरे. छापील तुकडा चिकटवल्यावर त्यावर पारदर्शक चकचकीत वॉर्निशचा एक थेंब टाचणीने सोडावा आणि रात्रभर सुकू द्यावा, म्हणजे काच बसवल्यासारखे दिसते.

पद्मिनी टॅक्सीचा गिअर जमिनीत नसून स्टिअरिंगच्या दांड्यावर असे. ही गोष्ट विसरून संचातला जमिनीतला गिअर तसाच ठेवण्याची चूक वारंवार होते. तांब्याच्या तारेचा तुकडा दांड्याच्या डाव्या बाजूला बसवून त्याच्या टोकाला गोंदाचा थेंब सुकवला की मूठ तयार होते. विजेच्या वायरीतील अनेक बारीक तारांपैकी एक तार यासाठी घ्यावी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत अशी वायर मीटरच्या हिशोबाने मिळते.

स्टिअरिंगचा रिम पातळ हवा. संचातला जाड असेल तर घासून बारीक करावा किंवा ओढलेल्या प्लॅस्टिकच्या तारेला १७ मिलिमीटरच्या आसपास व्यासाच्या गोल वस्तूभोवती गुंडाळून गरम पाण्यात वळण द्यावे. रंगवून झाल्यावर, चालकाचे हात जिथे राहतात त्या दोन जागी आणि वरच्या बाजूला, बोटाने हलके तेलकट वॉर्निश लावावे. बाकीचा रिम निस्तेज आणि त्या तीन जागा तुळतुळीत झाल्या की तो रोज हाताखाली असल्यासारखा दिसू लागतो.

देवाच्या मूर्तीसाठी एम-सीलसारखी दोन भागांची पुट्टी पुरते. मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या गोळ्या करून, टोकदार सुईने दाबून, बसलेल्या आकृतीचा फक्त बाह्याकार काढावा. चार मिलिमीटरच्या मूर्तीला चेहरा काढायला गेलो तर ती बिघडते. गणपतीच्या बाबतीत कानांचा आणि पोटाचा आकार पुरेसा आहे, डोळा उरलेले स्वतःच पाहतो. मूर्तीखाली लाल कापडाचा तुकडा म्हणून रंगवलेल्या टिश्यू पेपरचा चौकोन ठेवावा. काही टॅक्सींत मक्का-मदिनेचे चित्र असे, काहींत येशूचे किंवा मेरीमातेचे. आपण ज्या टॅक्सीवाल्याची गाडी करत आहोत त्याच्या घरचे जे असेल तेच तिथे यावे.

आरशाला लटकणारा झेंडूचा हार ही या प्रतिकृतीतील सर्वांत नाजूक वस्तू. खरे फूल चार-पाच सेंटीमीटरचे, म्हणजे इथे दोन मिलिमीटरच्या आसपासचे. भरतकामाच्या नारिंगी दोऱ्याचा एकच पदर घ्यावा, त्यावर जवळजवळ दुहेरी गाठी मारत जावे, आणि दर पाचव्या-सहाव्या गाठीला पिवळा दोरा घ्यावा. सगळ्या गाठी झाल्यावर दोरा पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून, टाचणीला टांगून, खालच्या टोकाला छोटे वजन लावून सुकवावा. वजन लावले नाही तर सुकलेला हार वाऱ्यावर उडाल्यासारखा वाकडा राहतो, आणि उभ्या असलेल्या गाडीत तो तसा असणे शक्य नाही. सुकल्यावर नखाने गाठी किंचित विस्कटाव्यात. हार ताजा असेल तर रंग तसाच ठेवावा, आणि कालचा असेल तर विटकरी रंगाचा अगदी पातळ हात द्यावा. मला कालचा हार आवडतो, कारण तो टॅक्सी काल रात्रीपर्यंत चालली होती हे सांगतो. भुलेश्वरच्या बाजारात लेस आणि दोऱ्यांच्या दुकानांत अशा बारीक दोऱ्यांच्या जितक्या छटा मिळतात तितक्या मला दुसरीकडे मिळाल्या नाहीत.

दारे आणि जमीन

दाराच्या आतल्या बाजूला रेक्झिनचा पोत, एक चमकती आडवी पट्टी, दार उघडण्याचा खटका आणि काच खाली-वर करायचा दांडा, एवढे पुरते. दांडा ०.३ मिलिमीटरच्या तारेला दोनदा वाकवून करावा. चारही दारांचे दांडे एकाच कोनात बसवू नयेत, कारण काचा कधीच सारख्या उघडलेल्या नसतात.

जमिनीवर गालिचा दाखवण्यासाठी तंतूंची भुकटी वापरण्याची पद्धत खासगी गाड्यांना शोभते, टॅक्सीला नाही. टॅक्सीत रबरी मॅट असे. बारीक दाण्याच्या काळ्या वॉटर पेपरचा तुकडा कापून, त्यावर राखाडी रंगाचा कोरडा ब्रश (रंग जवळपास पुसून काढलेला) फिरवला की तो मॅटसारखा दिसतो. धुळीसाठी गेरू, चुलीची राख आणि पांढऱ्या खडूची भुकटी वेगवेगळ्या वाटीत ठेवून मिसळावी. मुंबईची धूळ करड्या रंगाची असते, तिथे गेरूचा नुसता चिमूटभर अंश पुरेसा आहे. हीच गाडी कोकणातल्या लाल मातीच्या रस्त्यावर दाखवायची असेल तर प्रमाण उलटे करावे. धूळ पेडलच्या खाली, सीटच्या पायाजवळ आणि दारांच्या कडांना जमते. मधोमध, जिथे पाय सतत फिरतात, तिथे ती नसते. पेडलच्या रबराच्या मधोमध मऊ शिसपेन्सिलीचे टोक घासले की झिजून धातू दिसू लागल्याचा भास होतो.

रंग आणि चमक

आतल्या काळ्या भागांना शुद्ध काळा रंग देऊ नये. लहान वस्तूवर काळा रंग खोली गिळून टाकतो आणि शिवणी, कडा, खळगे सगळे नाहीसे होतात. त्याऐवजी गडद राखाडी वापरावा. तामिया या जपानी मॉडेल-कंपनीचा एक्सएफ ८५ हा रबरासाठीचा काळा किंवा एक्सएफ ६३ हा जर्मन राखाडी यासाठी चांगला. खरी ओळख रंगापेक्षा चमकेने होते, हे मला बऱ्याच उशिरा कळले. रेक्झिनला अर्धवट चमक, कापडाला शून्य चमक, रबराला मळकट निस्तेजपणा आणि हाताळलेल्या जागेला तुळतुळीतपणा, असे एकाच राखाडी रंगाचे चार पृष्ठभाग केले तरी चार वेगळे पदार्थ दिसतात. चकचकीत आणि निस्तेज वॉर्निश वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून हे साधता येते.

शिवणींत सावली उतरवण्यासाठी तपकिरी-काळा पातळ रंग रेघांवर सोडावा आणि जादाचा पुसून घ्यावा. हा रंग इनॅमलचा असेल तर खाली अ‍ॅक्रिलिकचा किंवा लॅकरचा थर असलाच पाहिजे. उघड्या पॉलिस्टायरीनवर इनॅमलचे थिनर जास्त साचले तर ताणाखाली असलेले बारीक भाग, म्हणजे स्टिअरिंगचा रिम किंवा वाकवलेला पत्रा, दुसऱ्या दिवशी तडकलेले आढळतात. पावसाळ्यात लॅकरचा फवारा मारू नये. हवेतील ओलाव्यामुळे रंगावर पांढुरकी साय धरते. मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबर मी फक्त ब्रशने अ‍ॅक्रिलिक लावतो आणि फवाऱ्याची सगळी कामे दिवाळीनंतरसाठी ठेवतो.

छतातला दिवा खरोखर पेटवायचा असेल तर एक मिलिमीटर लांबीचा पिवळसर एलईडी आणि तळाशी लपवलेली तीन व्होल्टची बटण बॅटरी पुरते. छत बसवण्याआधी तारा मागच्या खांबातून खाली आणाव्यात.

जोडणी

जोडणीची घाई माझ्या एका गाडीच्या जिवावर बेतली. सगळे सुटे भाग मनासारखे झाले होते, रात्र झाली होती, आरसा छताला झटपट गोंदाने चिकटवला आणि लगेच कवच तळावर बसवून स्क्रू पिळले. सकाळी पाहिले तर पुढच्या काचेवर आतून धुके पडल्यासारखा पांढरा थर बसला होता. झटपट गोंद सुकताना त्यातून निघणारी वाफ बंद जागेत कोंडते आणि काचेवर, बोटांच्या ठशांवर तर अधिकच, पांढरी होऊन बसते. कवच पुन्हा उघडताना हार तुटला आणि ती काच घासूनही पूर्वीसारखी झाली नाही.

तेव्हापासून मी काचा फेव्हिकॉलसारख्या पाण्याच्या गोंदाने बसवतो, जो सुकल्यावर पारदर्शक होतो आणि काचेला इजा करत नाही. आत कुठेही झटपट गोंद वापरला असेल तर कवच बंद करण्यापूर्वी गाडी पूर्ण एक दिवस उघडी ठेवतो. क्रम असा ठेवावा: जमीन आणि दारांच्या आतल्या बाजू, मग मागची सीट, मग पुढची, मग डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग, हे सगळे तळावर. छत, काचा आणि आरसा मात्र कवचात. प्रत्येक टप्प्यावर गोंद न लावता कवच एकदा बसवून पाहावे, विशेषतः स्टिअरिंग बसवल्यावर, कारण ते डॅशबोर्डावरून वर आले तर पुढच्या काचेला टेकते. हार सर्वांत शेवटी आरशाला अडकवावा.

बंद करण्याआधी काचा आतून मऊ ब्रशने झाडाव्यात आणि चिमट्यानेच हाताळाव्यात. मग कवच तळापासून बोटभर वर धरून, टॉर्चचा उजेड एका बाजूच्या काचेतून आत सोडून, दुसऱ्या बाजूने पाहावे. चालकाच्या बाजूचा खळगा सावलीत दिसतो का, स्टिअरिंगच्या वरच्या कडेला उजेड चमकतो का, हार सरळ खाली लोंबतो का, कागदाची एखादी कड सुटली आहे का, हे या वेळी कळते आणि दुरुस्तही करता येते. दुरुस्ती झाली की तळाचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे पिळावेत, म्हणजे कवच एका बाजूला तिरके बसणार नाही आणि डॅशबोर्डाची फट दिसणार नाही.